निम्म्या वर्षांचे पाणी

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या क्लासांचे फलक वाचत हिंडले, तर एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसते : यंदाच्या यशस्वी उमेदवारांपैकी इतके आमचे. सगळ्या फलकांवरच्या आकड्यांची बेरीज केली तर उमेदवार जागांपेक्षा जास्त भरतील अशी शंका येते. एकाच पोराने तीन ठिकाणी सराव-मुलाखत दिलेली असते आणि तिन्ही ठिकाणी त्याचा फोटो लागलेला असतो. पण तो भाग सोडून देऊ. फलकावरचा आकडा अगदी खरा आहे असे धरले तरी त्यातून काय कळते? यशस्वी झालेल्यांतले किती जण या क्लासला होते, एवढेच. फी भरायला आलेल्या आईबापांना हवे असते वेगळेच उत्तर : या क्लासला बसलेल्यांतले किती जण यशस्वी झाले? पहिला आकडा फलकावर असतो, दुसरा कुठेच नसतो. आणि गंमत अशी की त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तर्कक्षमतेच्या तासाला मुलांना नेमकी हीच गफलत पकडायला शिकवत असतात.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेचा पेपर आणला आणि २०१५ पासून त्यात ३३ टक्के गुण मिळवणे एवढीच अट ठेवली. तेव्हापासून या पेपराकडे पार करायचा उंबरा म्हणून पाहिले जाते. एक उतारा, त्याखाली युक्तिवाद, चार पर्याय : यातला दोष ओळखा. मुलांना दोषांची नावे पाठ असतात. टक्केवारीवरून संख्येवर उडी, थोड्या नमुन्यावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष, ‘शक्य आहे’वरून ‘होणारच’. नावे पाठ करण्यात वाईट काही नाही. माझी तक्रार दुसरी आहे. उताऱ्यात लागणारे सगळे आकडे आधीच दिलेले असतात. बाहेर व्यवहारात आपल्याला फसवतो तो बहुतेक वेळा न दिलेला आकडा.

त्याच परीक्षेचे उदाहरण घ्या. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८५५ आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. यशाचे प्रमाण किती? अर्ज धरले तर हजारात एक. बसलेले धरले तर साधारण सहाशेत एक. मुख्य परीक्षेपासून मोजले तर शंभरात सात, मुलाखतीपासून मोजले तर शंभरात पस्तीस. चारही उत्तरे बरोबर. ‘आमच्या मुलाखत मार्गदर्शनातून तिघांपैकी एक यशस्वी’ असे कुणी छापले तर तो खोटे बोलत नाही. मुलाखतीपर्यंत गेलेल्या कुणालाही एवढी संधी मार्गदर्शनाशिवायही असते, हे सांगत नाही एवढेच.

हा विषय वर्गातून उचलून शेतात नेला तर काय होते, ते पाहायला पापनाशम ही चांगली जागा आहे. तिरुनेलवेलीकडे याच नावाचे दुसरे गाव आहे, धरण असलेले; ते नव्हे. हे पापनाशम तंजावर जिल्ह्यातले, तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधले, कावेरीच्या फाट्यांच्या जाळ्यात वसलेले. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, जवळजवळ १८० वर्षे, इथल्या भाताच्या उत्पन्नावर भोसल्यांचा दरबार चालला. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले ते याच चिखलातल्या पिकाच्या जोरावर.

भात इथे तीन हंगामांत घेतात. जून-जुलैत लावायचे ते कुरुवै, ऑगस्टच्या सुमारास पेरायचे ते सांबा आणि कुरुवै निघाल्यावर त्याच शेतात ताळडी. कुरुवै निघते सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस दाराशी येऊन ठेपलेला असतो. शेतकरी भात घेऊन सरकारच्या थेट खरेदी केंद्रावर जातो. तिथे भाताची रास पडते, एक जण मूठभर दाणे काढून यंत्रात घालतो आणि ओलाव्याचा आकडा वाचतो. मर्यादा १७ टक्क्यांची. पावसाळी वर्षी दरसाल मागणी होते की ही मर्यादा वाढवा, १९ करा, २२ करा. केंद्र सरकार कधी थोडीफार सवलत देते, कधी नाही.

आता १७ आणि २२ यांत फरक किती? बाजारात कुणालाही विचारा, पाच टक्के म्हणेल. पोते ४० किलोचे, म्हणजे पोत्यामागे दोन किलो पाणी जास्त. हिशेब सरळ दिसतो आणि चुकतो. २२ टक्के ओलाव्याच्या ४० किलोंत पाणी ८.८ किलो आणि कोरडा माल ३१.२ किलो. हेच भात वाळवून १७ टक्क्यांवर आणले की कोरडा माल तेवढाच राहतो, पण आता तो एकूण वजनाच्या ८३ टक्के असायला हवा. ३१.२ ला ०.८३ ने भागा : ३७.६ किलो. म्हणजे पोत्यामागे दोन नव्हे, २.४ किलो उडून जातात. टनामागे ५० नव्हे, ६० किलो. सुरुवातीचे २२ टक्के ४० किलोंचे होते, शेवटचे १७ टक्के ३७.६ किलोंचे, दोन वेगळ्या वजनांवरचे टक्के एकमेकांतून वजा केले की असे होते. पाण्याच्या बाजूने पाहिले तर १७ वरून २२ वर जाणे ही २९ टक्क्यांची वाढ. सवलत नाकारणारा अधिकारी २९ म्हणू शकतो, मागणारा शेतकरी पाच म्हणू शकतो, आणि गोदामात पोती रचणाऱ्याला जो आकडा लागतो तो आहे सहा.

हा झाला ‘किती’चा घोळ. ‘कितपत शक्य’चा घोळ त्या मुठीत आहे. राशीच्या वरच्या थराला ऊन लागलेले असते, तळ ओला असतो. वरून मूठ घेतली तर भात पास, तळातून घेतली तर नापास. दहा मुठी घेतल्या आणि दहाही वरूनच घेतल्या, तर आकड्यावरचा विश्वास वाढतो. आकडा सुधारत मात्र नाही. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे, कारण तो एका मराठी माणसाने साऱ्या देशाला शिकवला.

त्याआधी १२ जून. मेट्टूरचे धरण १९३४ साली बांधून झाले, आणि १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायचे, तंजावरच्या कालव्यांत पाणी सोडायचे, ही तिथली रीत. कुरुवैचे सगळे वेळापत्रक या तारखेवर बांधलेले. वर्तमानपत्रे ‘नेहमीप्रमाणे १२ जूनला’ असे लिहितात. प्रत्यक्षात २०१२ ते २०१९ अशी ओळीने आठ वर्षे ती तारीख हुकली. २०२० आणि २०२१ ला साधली. २०२२ ला २४ मे रोजीच पाणी सुटले. २०२३ ला पुन्हा १२ जून, २०२४ ला थेट २८ जुलै. धरणाच्या पूर्ण इतिहासात ठरल्या तारखेला दरवाजे उघडले अशी वर्षे निम्म्याहून बरीच कमी आहेत. रीत आणि शक्यता या दोन निराळ्या गोष्टी. रीत सांगते की काय व्हायला हवे. ते किती वेळा झाले याची नोंद रीत ठेवत नाही.

शेतकऱ्याला हे कळत नाही असे मुळीच नाही. तो मनाशी हिशेब मांडतो : पाणी बहुधा वेळेवर येईल, कापणीआधी बहुधा पाऊस धरणार नाही, केंद्रावर ओलावा बहुधा चालून जाईल. तर्कक्षमतेचा पोरगा इथे लगेच हात वर करील. तीन ‘बहुधा’ एकापुढे एक ठेवले की त्यांचा मिळून ‘बहुधा’ राहत नाही. प्रत्येक गोष्ट दहात सात वेळा होणारी धरली, तर तिन्ही होण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे जेमतेम ३४ टक्के. शाब्बास, पैकीच्या पैकी गुण.

पण पापनाशममध्ये हे उत्तरही चूक आहे. असा गुणाकार चालतो तो तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या असतील तेव्हाच. इथे त्या एका दोरीत ओवलेल्या आहेत. पाणी उशिरा आले की लावणी लांबते, लावणी लांबली की कापणी ऑक्टोबरच्या पावसात सापडते, पावसात सापडलेल्या भाताचा ओलावा केंद्रावर चालत नाही. पाणी वेळेवर आलेल्या वर्षी बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याचदा आपोआप जुळतात. म्हणून तिन्ही साधण्याची शक्यता ३४ टक्क्यांहून अधिक. पण दोरीचे दुसरे टोकही पाहा. सुट्या गोष्टींच्या हिशेबाने तिन्ही बिघडण्याची शक्यता तीन टक्क्यांच्याही आत येते, म्हणजे आयुष्यात एखादवेळ. खरे पाहता बिघाड येतो तो तिघांचा हात धरून येतो. कागदावर तीन टक्क्यांचे वाटलेले संकट दर काही वर्षांनी दारात उभे राहते आणि ‘अभूतपूर्व’ म्हणून त्याची बातमी होते. गुणाकार न करणे ही बाळबोध चूक. जिथे करू नये तिथे करणे ही शिकलेल्या माणसाची चूक, आणि माझ्या मते दुसरी जास्त महागात पडते.

हा सगळा खेळ ज्या पाण्यावर चालतो, ते पाणी मुळात किती आहे? कावेरी पाणीतंटा लवाद १९९० साली नेमला गेला आणि ५ फेब्रुवारी २००७ रोजी त्याने अंतिम निवाडा दिला. कावेरीचे एकूण पाणी ७४० टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातले तमिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३०, पुदुच्चेरीला ७, पर्यावरणासाठी १० आणि समुद्रात जाणारच असे ४. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी त्यात बदल केला. दोन राज्यांच्या सीमेवरच्या बिळिगुंडलू इथे कर्नाटकाने तमिळनाडूसाठी सोडायचे पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आणले. हे आकडे दोन्ही राज्यांत पोराटोरांना पाठ आहेत. त्यामागचा एक शब्दप्रयोग मात्र फारसा कुणी उच्चारत नाही : ५० टक्के विश्वासार्हता.

याच्याशेजारी आपली कृष्णा ठेवू. बच्छावत लवादाने १९७३ साली कृष्णेचे पाणी २०६० टीएमसी धरले आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८०० असे वाटले. हा आकडा ७५ टक्के विश्वासार्हतेचा. आता परीक्षेच्या थाटाचा युक्तिवाद करून पाहा : कृष्णेचे पाणी ७५ टक्के विश्वासार्ह, कावेरीचे ५० टक्के, म्हणून कृष्णा ही जास्त भरवशाची नदी. यातला दोष ओळखा.

विश्वासार्हता हा नदीचा गुण नाही. ती मोजणाऱ्याने मारलेली रेघ आहे. आजवरच्या सगळ्या वर्षांचे प्रवाह मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडायचे. शंभरातल्या ७५ वर्षांत ज्याच्याइतके किंवा ज्याहून जास्त पाणी आले तो आकडा ७५ टक्क्यांचा. अर्ध्या वर्षांत ज्याच्याइतके किंवा जास्त आले तो ५० टक्क्यांचा. भरवसा जेवढा जास्त मागाल, तेवढे पाणी कमी दाखवावे लागते. दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० साली ४७ वर्षांच्या नोंदी घेऊन हे मांडून दाखवले : ७५ टक्क्यांना २१७३ टीएमसी, ६५ टक्क्यांना २२९३, आणि सर्व वर्षांची सरासरी २५७८. एकच नदी, त्याच नोंदी, आणि तीन उत्तरे. ‘कृष्णेत किती पाणी आहे’ या प्रश्नाला एकच आकडा सांगणाऱ्याने ‘कितपत खात्रीने’ हा अर्धा प्रश्न गिळलेला असतो.

आणि रेघ कुठे मारायची हे गणित ठरवत नाही. ७५ वर मारली तर चार वर्षांतली तीन वर्षे पाणी उरते. ते कुणाच्या हक्काचे नाही म्हणून वाया जाते, किंवा खालचा वापरतो. ५० वर मारली तर वाटायला पाणी भरपूर दिसते, आणि निम्म्या वर्षांत कुणाला तरी ठरल्यापेक्षा कमी मिळते. म्हणजे प्रत्येक रेघेला चुकायची स्वतःची एक बाजू असते. चूक होणार हे ठरलेलेच. प्रश्न उरतो तो एवढाच की ती कुणाच्या अंगावर पडणार. बच्छावत लवादाने हे डोळे उघडे ठेवून केले होते. नदीच्या शेवटी असलेल्या आंध्राला त्याने सांगितले की उरलेले पाणी वापरा, हक्क म्हणून नव्हे, मुभा म्हणून. कारण तुटीच्या वर्षी पहिला फटका तुम्हालाच बसणार आहे. जोखीम ज्याची, त्याला चांगल्या वर्षाचे थोडे जास्त. दुसऱ्या लवादाने ते उरलेले पाणीही तिघांत वाटून टाकले, तेव्हा आंध्राने आरडाओरडा केला तो निव्वळ आडमुठेपणाने नव्हे. महाराष्ट्राला त्या वाटपात ८१ टीएमसी वाढून मिळाले, म्हणून आपल्याकडे हा मुद्दा कुणी फारसा उगाळला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो निवाडा राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली.

कावेरीच्या निवाड्यात तुटीच्या वर्षासाठी सूत्र आहे : तूट सर्वांनी प्रमाणात सोसायची. कानाला न्याय्य वाटते. पण ५० टक्क्यांची रेघ म्हटल्यावर तुटीचे वर्ष हा अपवाद राहत नाही, निम्मा कारभार होतो. शिवाय ‘निम्मी वर्षे’ म्हणजे एकाआड एक वर्ष नव्हे. वाईट वर्षे गठ्ठ्याने येतात. मेट्टूरची ती ओळीने हुकलेली आठ वर्षे आठवा. अशा वेळी बंगळुरूकडून एक युक्तिवाद ठरलेला असतो : मागच्या वर्षी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी गेले, दोन वर्षांची सरासरी काढा. सरासरी निघते, हिशेबात बसतेही. पण मेट्टूरमध्ये मावते ९३.४७ टीएमसी. पुराच्या वर्षाचे उरलेले पाणी कावेरीच्या कोळ्ळिडम फाट्यातून समुद्राला मिळालेले असते. पुढच्या वर्षीच्या रोपाला ते सरासरीतून पाजता येत नाही. वर्षभराच्या बेरजेचेही तसेच. १७७.२५ टीएमसीचे महिन्यावार वेळापत्रक आहे, त्यात ऑगस्टचे ४५.९५. ऑगस्ट कोरडा काढून ऑक्टोबरात बेरीज पुरी केली तर आकडा पाळला जातो, पीक हातचे जाते.

पापनाशमजवळच्या तिरुप्पालैत्तुरै इथे पालैवननाथ मंदिराच्या आवारात विटांचे एक मोठे जुने धान्यकोठार आहे. नायक राजांच्या काळातले, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले, तीन हजार कलम भात मावेल एवढे. कलम म्हणजे बारा मरक्काल. हे कोठार सरासरी वर्षासाठी कुणी बांधलेले नाही. सरासरी वर्षाला कोठार लागतच नाही. बांधणाऱ्याने विचार केला तो रेघेच्या खालच्या वर्षाचा.

आज कोठाराची जागा पीक विम्याने घेतली आहे, आणि तिथेही रेघच आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गेल्या सात वर्षांतली चांगली पाच निवडून त्यांची सरासरी काढतात, तिला जोखीमस्तराने गुणतात आणि उंबरठा उत्पादन ठरवतात. यंदाचे उत्पादन त्याखाली गेले तर भरपाई. हे उत्पादन मोजायचे मात्र ठरवून दिलेल्या क्षेत्राचे, तुमच्या बांधाआतले नव्हे. तुमच्या शेतातले भात गेले आणि बाकीचे शिवार तरले, तर सरासरी उंबरठ्याच्या वर राहते आणि तुमच्या हाती काही पडत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. पैसेवारीच्या काळापासून तो गावाच्या सरासरीत बुडत आला आहे : गावाची पैसेवारी ५० च्या वर, म्हणून याच्या घरी टंचाई नाही. गटाबद्दलचे खरे विधान एकट्यावर लादण्याची चूक चाचणीत एका गुणाची असते, इथे एका हंगामाची.

ते क्षेत्राचे उत्पादन ठरते पीक कापणी प्रयोगाने. शेतात चिठ्ठी टाकून जागा निवडायची, ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून तोलायचे. ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुढे होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्म, लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राचे शिक्षण, १९४० पासून कृषी संशोधन परिषदेत काम. त्याच काळात कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस (केंब्रिजमध्ये कुंभकोणमच्या रामानुजनचे मित्र होते ते) पिकाचे अंदाज छोट्या वर्तुळांवरून काढत होते. वर्तुळे काही फुटांच्या त्रिज्येची, पण संख्येने पुष्कळ. सुखात्म्यांनी दाखवले की छोट्या तुकड्यावरचा अंदाज सतत जास्तच येतो. कारण कळल्यावर सोपे वाटते. तुकडा लहान असला की क्षेत्राच्या मानाने कड मोठी होते. कडेवरचे रोप आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो.

हिशेब करून पाहू. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळात त्रिज्या एका इंचाने सैल धरली गेली, तर क्षेत्र चार टक्क्यांहून जास्त वाढते. ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, असा आयत घेतला आणि दोन्ही बाजू दोन-दोन इंचांनी सैल सुटल्या, तरी वाढ दीड टक्का. मुद्दा असा की छोटी वर्तुळे शंभराऐवजी दहा हजार घेतली तरी तो चार टक्क्यांचा फुगवटा कमी होत नाही. इकडेतिकडे होणाऱ्या चुका मोठ्या नमुन्यात एकमेकींना खोडतात. एकाच अंगाला झुकलेल्या चुका नुसत्या साठत जातात, आणि वर नमुना मोठा असल्याची ऐट चढते. राशीच्या वरच्या थरातल्या दहा मुठींचे हेच झाले होते.

सुखात्मे १९५१ ला रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागात गेले. तेव्हा जगात एक वाक्य गाजत होते, दोन तृतीयांश मानवजात भुकेली आहे. लॉर्ड बॉइड ऑर यांचे ते म्हणणे. सुखात्म्यांनी १९६१ साली हिशेब मांडला की पुरेसे अन्नच न मिळणारे लोक साधारण दहा ते पंधरा टक्के आहेत. निकस अन्नावर जगणारे धरले तर आकडा बराच वर जातो. मग १९७१ ला पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. दरडोई रोज २२५० कॅलरी देईल असा आहार ज्या खर्चात पडतो ती रेघ. १९६०-६१ साली खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली. सुखात्मे निवृत्त होऊन पुण्यालाच आले होते, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत. त्यांनी या तऱ्हेच्या मोजमापावर बोट ठेवले. सुखात्मे आणि दांडेकर दोघेही सातारा जिल्ह्यात जन्मलेले, आणि वाद झाला तो वर्षानुवर्षे.

सुखात्म्यांचा आक्षेप तर्काच्या पुस्तकात उदाहरण म्हणून घालावा असा आहे. २२५० ही सरासरी गरज. माणसामाणसांत गरज वेगळी असते, एकाच माणसाची आज आणि उद्याही वेगळी असते. सरासरीच्या खाली जेवणाऱ्या प्रत्येकाला अर्धपोटी म्हटले, तर ज्या गावात प्रत्येक जण पोटभर जेवतो तिथेही निम्म्याच्या आसपास माणसे अर्धपोटी मोजली जातील. म्हणून रेघ सरासरीवर नको, तिच्यापासून चांगली दोन प्रमाण विचलने खाली हवी. त्याखालचा माणूस जवळजवळ खात्रीने उपाशी.

दोष अचूक पकडला होता. परीक्षा असती तर इथे पेन खाली ठेवायचे. पण युक्तिवादात दोष सापडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असे होत नाही, आणि दोष काढणाऱ्याची स्वतःची रेघ निर्दोष ठरते असेही नाही. एवढ्या खाली मारलेल्या रेघेवर तीच तक्रार उलटी लागू पडते. ज्याची गरज मोठी आहे, जो दिवसभर माती उपसतो आणि गरजेपेक्षा पुष्कळ कमी खातो, पण रेघेच्या वर खातो, तो धडधाकट मोजला जातो. वरची रेघ पोट भरलेल्याला उपाशी म्हणून चुकते, खालची रेघ उपाशी माणसाला पोटभर म्हणून. यांपैकी कुठली चूक परवडते हे कॅलरींच्या तक्त्यातून निघत नाही. दांडेकरांनी उत्तर दिले ते आणखी निराळ्या वाटेने : दारिद्र्य आणि अर्धपोटीपणा या दोन गोष्टी आहेत, आपण पहिली मोजत होतो. दोन जण एकाच आकड्यावर भांडत होते आणि दोघांच्या मनात मोजायची वस्तू वेगळी होती.

नियोजन आयोगाच्या गटाने १९७९ ला पुन्हा सरासरीच घेतल्या, खेड्यांसाठी २४०० कॅलरी आणि शहरांसाठी २१००. २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरींचा आधारच सोडला. पण नवी रेघ कुठून तरी सुरू करायला हवी, म्हणून समितीने जुन्या पद्धतीने आलेले शहरी गरिबीचे प्रमाण, २५.७ टक्के, तसेच उचलले आणि त्या शहरी माणसाच्या खर्चाची टोपली खेड्यालाही लावली. त्या एका निर्णयाने २००४-०५ या एकाच वर्षातली ग्रामीण गरिबी २८.३ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी कुणाच्या ताटात काय पडले होते ते तर केव्हाच खाऊन झाले होते.